प्रेताचं काम

सकाळपासून अकरा वेळा मेलोय.
आता बारावी.
"बोटं जरा आवळा, मिस्टर फ्लेट,
गोठल्यासारखी वाटायला हवीत."
वाटायचंय काय त्यात.
चाळीस वर्षं फेरीबोटीचे दोर ओढले,
ती तेव्हापासून अशीच आहेत.

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावरचं मासळीचं जुनं गोदाम,
त्यात यांनी आर्क्टिक मांडलंय:
मेण, मीठ, आणि कसलासा पांढरा कागद,
पायाखाली अगदी खऱ्यासारखा करकरतो.
देवमासा आहे, पण एकाच बाजूनं.
कॅमेऱ्याकडे काळी ओली कातडी, मिटत आलेला डोळा,
पलीकडे लोखंडी पाइप
आणि फासळ्यांच्या जागी सुतारानं अडकवलेला
त्याचा जेवणाचा डबा.
रक्त साखरेच्या पाकाचं.
ओठावर आलं की गोड लागतं,
आणि मेलेल्यानं जीभ फिरवायची नसते.

"कट!"
मोराग, दिग्दर्शिका, ग्लासगोची,
माझ्या नातीएवढी असेल,
पडद्यावर वाकून बघते.
"परत दिसली. वाफ.
प्रेताच्या नाकातून."
सगळे हसले. मीही हसलो, मेल्या मेल्या.
"जाऊ दे," म्हणाली, "नंतर पुसू."
म्हणजे लंडनमध्ये कुणी पोरगा
संगणकापुढे कॉफी घेऊन बसणार
आणि एकेका चौकटीतून
माझा श्वास काढून टाकणार.

मॅन्सी फ्लेट, पिंपं बांधणारा.
माझ्या खापरपणज्याचा बाप, की त्याचाही;
मोजायला गेलं की मी कुठंतरी चुकतो.
याच धक्क्यावरून गेला, 'मार्जरी' जहाजावर,
डेव्हिसच्या सामुद्रधुनीकडे.
पिंपं सुटी न्यायचे तेव्हा, फळ्याफळ्यांनी.
तेल मिळेल तसं एकेक उभं करायचं.
त्या साली मासाच नाही.
फळ्या तशाच गठ्ठ्यात.
ऑक्टोबरात दुसऱ्या एका जहाजानं
लांबून बर्फात अडकलेल्या डोलकाठ्या पाहिल्या,
तीन.
पुढचं पाहणारं कुणी नव्हतं.

(मोरागला विचारलं मी,
तुझ्या मालिकेत शेवटी काय होतं?
म्हणाली, सहा भाग आहेत.
सहाव्यात सगळेच.)

डंडीच्या कचेरीत कारकुनाला मात्र तारीख हवी होती.
मॅन्सीची बायको महिन्याला अर्धा पगार उचलायची,
तो कुठंतरी थांबायला हवा.
त्यानं लिहिलं: जहाज बुडालं, नऊ नोव्हेंबर.
नऊच का? कोण जाणे.
पान तिथं संपत असेल.
दिवा घालवायची वेळ झाली असेल.
डिसेंबरात तिनं उचललेले सात शिलिंग
मग कचेरीनं परत मागितले.
ती चिठ्ठी आहे आमच्याकडे,
बिस्किटांच्या डब्यात, बटणांखाली.

मी मिठात उताणा पडून
दहा तारखेचा विचार करतोय.
दहा नोव्हेंबरला मॅन्सी उठला असेल.
दाढीतला बर्फ मोडला असेल मुठीनं.
गठ्ठ्यातली एक फळी चुलीत सारली असेल,
आधीच बाक दिलेली,
शवपेटीलाही न चालणारी.
आपल्याच हातची म्हणून
क्षणभर अंगठा फिरवला असेल तिच्यावरून.
अकरालाही उठला असेल.
बाराला भांडला असेल कुणाशी
ओलसर पावाच्या तुकड्यावरून,
आणि जिंकलाही असेल, हलकट.
कचेरीत शाई वाळलेली,
आणि तिकडे त्याच्या नाकासमोर
इतकीशी वाफ.

"तेरावी! फ्लेट, तयार?"
तयार.
"श्वास धरता येईल? वीस मोजेपर्यंत?"

अठरापर्यंत धरला.
मग सोडला,
सावकाश,
दिव्याच्या झोतात नीट दिसेल असा.